मोठे उद्योजक कॉलेजात नेमकं काय शिकले?

पानगळ | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते. आज स्वतः धागा काढतेय, कारण आठवडाभर घरात एकाच विषयावर वाद चालू आहे.

माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन मित्रांच्या साथीने त्याने दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट घेण्याचं सॉफ्टवेअर तयार केलंय. नऊ दवाखाने ते वापरतात, त्यातले सहा दरमहा पैसे देतात. आता त्याला कॉलेज सोडून पूर्ण वेळ हेच करायचंय. मी 'का रे' म्हटलं की तो टेबलासमोरच्या भिंतीकडे बोट दाखवतो. तिथे एक कागद चिकटवलाय. बिल गेट्स, स्टीव्ह जॉब्स, मार्क झुकरबर्ग, मायकेल डेल, लॅरी एलिसन. पाचही नावांपुढे निळ्या शाईत एकच शब्द: 'सोडलं'.

त्याला अडवायचंच असं मी ठरवलेलं नाही. पण तेवढ्या कागदावर विसंबून होही म्हणवत नाही. मोठमोठे उद्योग चालवणारी माणसं खरोखर किती आणि कुठे शिकलेली असतात? आणि शिकलेली असतील, तर ती कॉलेजमुळे मोठी झाली की तशीही झालीच असती? कुणी नीट सांगेल का?

चक्रवाढ | सोमवार, रात्री १०.५०

पानगळताई, कागदावरची माहिती खरी आहे. गेट्स १९७३ साली हार्वर्डला गेले आणि १९७५ साली पॉल ॲलनबरोबर मायक्रोसॉफ्ट सुरू करायला बाहेर पडले. डेल १९८४ मध्ये, १९व्या वर्षी, टेक्सास विद्यापीठातून बाहेर पडले. ओरॅकल काढणाऱ्या एलिसन यांनी तर दोन विद्यापीठं अर्धवट सोडली.

पण त्याच कंपन्यांत पुढे त्या खुर्चीवर कोण बसलं तेही बघा. गेट्सनंतर स्टीव्ह बामर आले. ते हार्वर्डचे १९७७चे पदवीधर, पुढे स्टॅनफर्डचं एमबीए अर्ध्यात सोडून १९८० साली मायक्रोसॉफ्टमध्ये आले. मग सत्या नडेला: मणिपालहून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, विस्कॉन्सिन-मिलवॉकीला कॉम्प्युटर सायन्स, आणि १९९७ साली शिकागोचं एमबीए. जॉब्सनंतर टिम कुक, ऑबर्न विद्यापीठाचे इंडस्ट्रियल इंजिनिअर. नोकरी करता करता त्यांनी ड्यूकचं संध्याकाळचं एमबीए केलं. गुगलचे सुंदर पिचाई खरगपूर आयआयटीचे मेटलर्जिस्ट, पुढे स्टॅनफर्ड आणि व्हॉर्टन. ॲमेझॉन काढणारे बेझोस प्रिन्स्टनचे १९८६चे पदवीधर, आणि त्यांच्या जागी आलेले अँडी जॅसी हार्वर्डचे.

म्हणजे ज्यांनी कॉलेज सोडून कंपन्या काढल्या, त्यांनीही त्या चालवायला दिल्या त्या बहुतेक शिकलेल्यांच्याच हाती.

वाटसरू | सोमवार, रात्री ११.०५

चक्रवाढ यांना अनुमोदन. ताई, भिंतीवर दुसऱ्या कागदासाठी जागा करा.

उलटतपासणी | सोमवार, रात्री ११.४०

मला हे पटत नाही. नडेला, कुक, पिचाई हे नोकरीत चढत वर गेले. नोकरीत पहिल्या दारातच पदवी विचारतात, त्यामुळे वरपर्यंत पोचलेले सगळे पदवीधरच दिसणार. त्यावरून शिक्षणाचा उपयोग कळत नाही, फक्त दारावरचा नियम कळतो.

ताईंच्या मुलाला नोकरी करायचीच नाहीये, त्याला स्वतःचं काही काढायचंय. मग तुलना तशांशी करा. हेन्री फोर्ड कॉलेजात गेले नाहीत. धीरूभाई अंबानी मॅट्रिक. रिचर्ड ब्रॅन्सन यांनी १६व्या वर्षी शाळाच सोडली. गौतम अदानींनी कॉमर्सचं कॉलेज अर्धवट टाकलं. जे.आर.डी. टाटांना केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायचं होतं, ते राहूनच गेलं. १९२५ साली ते बिनपगारी उमेदवार म्हणून कंपनीत आले आणि १९३८ साली अध्यक्ष झाले.

मी हे पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. मी डिप्लोमा केलेला माणूस. एका कंपनीत अकरा वर्षं काढली. माझ्या हाताखाली शिकलेली तीन मुलं माझे साहेब झाली, कारण त्यांच्याकडे पदवी होती. तिसऱ्या वेळी मॅनेजरच्या केबिनमध्ये ऐकलेलं 'पॉलिसी आहे, माझ्या हातात काही नाही' हे वाक्य अजून कानात आहे. पदवी म्हणजे गुणवत्ता असं कुणी म्हटलं की मला ती केबिन आठवते.

टाचण | मंगळवार, सकाळी ७.२०

उलटतपासणी, तुमच्यावर झाला तो अन्यायच. तुमचा दारावरच्या नियमाचा मुद्दाही बिनतोड आहे. पण भिंतीवरच्या कागदात त्याहून मोठी खोट आहे.

दुसऱ्या महायुद्धात कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात अब्राहम वाल्ड होते. मोहिमेवरून परतलेल्या विमानांना गोळ्या कुठे कुठे लागल्यात, याच्या नोंदी त्यांच्याकडे आल्या. जिथे जास्त भोकं तिथे जास्त पत्रा ठोका, असं कुणालाही वाटेल. वाल्ड यांचं उत्तर उलटं होतं. ही विमानं भोकं पडूनही परत आली, म्हणजे तिथे लागलेल्या गोळ्या पचतात. जी परतलीच नाहीत त्यांना इंजिनात लागल्या असणार. पत्रा हवा तो इंजिनाला.

कॉलेज सोडून धंद्यात पडलेली आणि परत न आलेली विमानं किती, हे त्या पाच नावांवरून कसं कळणार?

आता आकडा. जोनाथन वाय आणि हाइनर रिंडरमन यांनी अमेरिकेतल्या ११,७४५ पुढारी माणसांचं शिक्षण तपासलं. त्यात मोठ्या कंपन्यांचे प्रमुख, न्यायाधीश, राजकारणी, अब्जाधीश सगळे आले. सुमारे ९४ टक्के कॉलेजात गेलेले निघाले, आणि जवळजवळ निम्मे अगदी नामांकित संस्थांतले. कॉलेज न केलेला किंवा सोडलेला यशस्वी माणूस ठळक दिसतो, कारण तो विरळा असतो.

उलटतपासणी | मंगळवार, सकाळी ८.०२

वाल्ड यांचा किस्सा मान्य. पण मग तो दोन्हीकडे लावा. पदवी घेऊन घरी बसलेली लाखो मुलं कुणाच्या भिंतीवर असतात?

टाचण | मंगळवार, सकाळी ८.१०

बरोबर आहे. ते माझ्याकडून सुटलं होतं.

फळा_खडू | मंगळवार, दुपारी १.३५

मी २२ वर्षं शिकवतोय. दर वर्षी एक-दोन मुलं ही यादी घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून या पाचांचं मी जरा खोलात वाचलंय. मला खटकतो तो 'सोडलं' हा शब्द.

गेट्स यांना कॉम्प्युटर हार्वर्डमध्ये भेटला नाही. १९६८ साली, ते १३ वर्षांचे असताना, त्यांच्या लेकसाइड शाळेत टर्मिनल आलं. तिथेच पॉल ॲलन भेटले. म्हणजे हार्वर्डला पोचेपर्यंत पाच वर्षांचा हात बसलेला होता. हार्वर्डमधून निघाले तेही रजा काढून. हे फसलं असतं तर परतीचं दार उघडं होतं. आणि तिथल्या दोन वर्षांत काहीच घेतलं नाही म्हणावं, तर बामर तिथेच भेटले, एकाच हॉस्टेलात राहायचे. चळतीतल्या लहानमोठ्या चकत्या कमीत कमी वेळा उलटून क्रमाने कशा लावायच्या, या प्रश्नावर गेट्स यांनी क्रिस्टोस पापादिमित्रिऊ यांच्याबरोबर केलेलं काम १९७९ साली शोधनिबंध म्हणून छापून आलं. हा काही कॉलेजचा कंटाळा आलेला मुलगा नव्हे.

जॉब्स यांचं तर आणखी वेगळं. १९७२ साली ते रीड कॉलेजात गेले आणि एका सत्रात नाव काढून घेतलं. पण पुढचं वर्षभराहून जास्त ते तिथेच होते, आवडेल त्या वर्गात जाऊन बसत होते. अक्षरलेखनाचा वर्ग त्यांनी तेव्हाच केला. दोन अक्षरांमधली जागा कमीजास्त कशी करायची, अक्षराला टोकं कुठे द्यायची, हे तिथे शिकले, आणि दहा वर्षांनी मॅकिंटॉशचे फाँट करताना ते कामाला आलं. २००५ साली स्टॅनफर्डच्या भाषणात त्यांनी हे स्वतः सांगितलंय. त्यांनी फी आणि सक्तीचे विषय सोडले, वर्ग सोडले नाहीत.

पानगळताई, तुमचा मुलगा वर्गात बसतो का? रागावून नाही विचारत. मला खरंच जाणून घ्यायचंय.

मधलीसुट्टी | मंगळवार, दुपारी २.१०

सर, गेट्सना शेवटी २००७ साली हार्वर्डने मानद पदवी दिली. भाषणाच्या सुरुवातीलाच ते म्हणाले होते, बाबा, मी सांगत होतो ना, परत येऊन पदवी घेईन म्हणून! वडील समोर बसले होते.

आणि जॉब्सबरोबर ॲपल काढणारे वॉझ्नियाक? ॲपल नावारूपाला आल्यावर ते बर्कलीला परत गेले, टोपणनावाने प्रवेश घेतला आणि १९८६ साली पदवी पूर्ण केली. कशाला हवी होती त्यांना ती? पण राहिलेलं पुरं करायचं होतं. मला हा माणूस फार आवडतो.

पानगळ | मंगळवार, दुपारी ३.००

फळा_खडू सर, खरं सांगते, तो वर्गात फारसा बसत नाही. हजेरी काठावर आहे. बाकी सगळं रात्री निवांत वाचते.

लेथवाला | मंगळवार, रात्री ९.१५

मी कॉलेज सोडलेला माणूस आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वडिलांना अर्धांगाचा झटका आला. दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन असलेला त्यांचा वर्कशॉप चालवायला दुसरं कुणी नव्हतं. माझ्यापुढे भिंतीवरची यादी नव्हती, औषधांची यादी होती. कॉलेज सोडलं, आणि पहिली पाच वर्षं मला वाटायचं की काही बिघडलं नाही. लेथवर हात बसला, गिऱ्हाईक जोडलं.

मग एका कंपनीकडून शाफ्टची मोठी ऑर्डर आली. मटेरिअल ईएन-२४, एक मिश्र पोलाद. माल गेला आणि आठवड्यात निम्मा परत आला. चावीच्या गाळ्याच्या (शाफ्टमध्ये चावी बसवायची खाच) कोपऱ्यातून केसाएवढी चीर. नखाने चाचपली तर लागायची नाही, रॉकेल पुसून वर खडू लावला की रेघ उमटायची. मी ऑपरेटरवर ओरडलो, मग मटेरिअलवाल्याशी भांडलो. परत केलं, परत चीर. दोन महिने असेच गेले.

शेवटी एका पॉलिटेक्निकच्या संध्याकाळच्या मेटलर्जीच्या वर्गात जाऊन बसलो. तिसऱ्या का चौथ्या दिवशी सरांनी फळ्यावर एक वक्र काढला. पोलाद किती वेगाने थंड केलं तर आत काय होतं, त्याचा. मी लोखंडाला पाणी देत होतो, म्हणजे तापवून पाण्यात बुडवत होतो, जसं वडील द्यायचे, जसं त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं. साध्या पोलादाला ते चालतं. ईएन-२४ तेलात थंड करायचं असतं. पाण्यात ते इतक्या झपाट्याने आखडतं की धारदार कोपरा असेल तिथे फाटतं. उपाय काय, तर तेलाची टाकी आणि गाळ्याच्या कोपऱ्याला जराशी गोलाई. बस्स. जो विषय मला तिसऱ्या वर्षाला शिकवला गेला असता, तो मी दोन महिन्यांचा माल भंगारात घालून शिकलो.

नंतर सोइचिरो होंडांबद्दल वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. गॅरेजमध्ये तयार झालेला माणूस, पिस्टन रिंग बनवायला घेतल्या. त्या काही जमेनात. मग हामामात्सूच्या तंत्रशाळेत जाऊन बसले, पोलाद-बिडाचं शास्त्र शिकायला. परीक्षा देत नाहीत म्हणून शाळेने नाव काढलं. त्यांना त्याचं काही नव्हतं, त्यांना रिंग हवी होती.

पानगळताई, मुलाला एकच विचारा: तुझं काम आत्ता कशाने अडलंय? उत्तर 'वेळ नाही' असेल तर एक गोष्ट. 'मला अमुक येत नाही' असेल तर दुसरी.

वाटसरू | मंगळवार, रात्री ९.४०

लेथवाले काका, खडूची रेघ डोळ्यासमोर उभी राहिली. हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

सावली | मंगळवार, रात्री १०.३०

मला एक विचारायचंय. ताईंना मुलाच्या जागी मुलगी असती तर 'सोडू दे का' अशी चर्चा तरी झाली असती का? मुलगी असली की आपण म्हणतो, आधी पदवी हातात येऊ दे. त्यामागे भीती असते, पण अनुभवही असतो. मी स्वतः सल्ल्याचा व्यवसाय करते. पहिल्या भेटीत माझ्याबरोबरच्या पुरुष भागीदाराला 'काय काम केलंय' विचारतात, मला 'काय शिकलात'. पदवी नसती तर मला पहिल्या खुर्चीपर्यंतही कुणी येऊ दिलं नसतं.

म्हणून या यादीत बायका नाहीत, बघा. मेरी बारा १९८० साली, १८व्या वर्षी, जनरल मोटर्समध्ये विद्यार्थी-कामगार म्हणून लागल्या. गाडीचे पत्रे तपासायचं काम होतं. कारखाना आणि जनरल मोटर्स इन्स्टिट्यूटचा वर्ग असं आलटून पालटून करत इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या, १९९० साली स्टॅनफर्डचं एमबीए केलं आणि २०१४ साली त्याच कंपनीच्या प्रमुख झाल्या. पेप्सीकोच्या प्रमुख झालेल्या इंद्रा नूयी मद्रास ख्रिश्चन कॉलेज, मग कलकत्त्याचं आयआयएम, मग येल. तीन ठिकाणी शिकल्या.

पण पदवी घेऊन सगळं सुरळीत होतं असंही नाही. किरण मजुमदार-शॉ प्राणिशास्त्रात पदवी घेऊन ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला ब्रूइंग शिकल्या. वर्गात त्या एकट्याच बाई. १९७५ साली मास्टर ब्रूअर होऊन परतल्या, तर हे बाईमाणसाचं काम नाही म्हणून कुणी नोकरी देईना. मग १९७८ साली बायोकॉन. आंबवण्याच्या टाकीत सूक्ष्मजीव कसे वाढवायचे, तापमान किती ठेवायचं, हे जे शिकल्या होत्या त्यावरच एन्झाइम उभी राहिली आणि पुढे औषधं. दार बंद झालं तरी आतली विद्या त्यांच्याकडेच राहिली. कॉलेजचा मला कळलेला उपयोग हा आहे.

उलटतपासणी | मंगळवार, रात्री ११.१०

सावलीताई, हा विचार मी केला नव्हता. पदवीने मला दार बंद केलं, तुम्हाला उघडलं. दोन्ही खरं.

पानगळ | बुधवार, सकाळी ६.५०

रात्री दोनपर्यंत वाचत होते. सगळ्यांचे मनापासून आभार. पण माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. ही हुशार, जिद्दी माणसं कुठल्याही कॉलेजात गेली असती, किंवा गेली नसती, तरी मोठी झालीच असती का?

टाचण | बुधवार, सकाळी ९.२५

ताई, अर्थशास्त्रज्ञ यावर बरीच वर्षं डोकं लावत आहेत.

स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ साली एक युक्ती केली. नामांकित कॉलेजात गेलेले आणि न गेलेले असे सरसकट तोलण्यात अर्थ नाही, कारण मुलंच वेगळी असतात. म्हणून त्यांनी सारख्याच कॉलेजांत अर्ज केलेली, सारख्याच ठिकाणी प्रवेश मिळालेली किंवा नाकारलेली मुलं घेतली. त्यातली काही मोठ्या नावाच्या कॉलेजात गेली, काही साध्या. पुढे दोघांची कमाई जवळजवळ सारखीच. कुठे शिकलास यापेक्षा कुठे अर्ज करायची हिंमत केलीस, यावरून कमाईचा अंदाज जास्त चांगला येत होता. एक अपवाद मोठा होता: गरीब घरातल्या मुलांना नामांकित कॉलेजाचा खरोखर फायदा झाला. ज्याच्या घरात ओळखी नाहीत, त्याला त्या कॉलेजात मिळतात.

दुसरा अभ्यास २०२३चा, राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा. अमेरिकेतल्या अगदी वरच्या १२ कॉलेजांत तिथल्या अर्ध्या टक्क्याहून कमी लोक शिकतात, पण फॉर्च्युन ५०० कंपन्यांच्या प्रमुखांत त्यांचा वाटा १० टक्क्यांहून जास्त. त्यांनी प्रतीक्षायादीवरची मुलं बघितली, ज्यांना प्रवेश मिळणं न मिळणं काठावर होतं. सरासरी कमाईत तिथेही फारसा फरक नाही, पण सगळ्यात वरच्या एक टक्क्यात पोचायची शक्यता मात्र चांगलीच वाढते.

दोन्ही शेजारी ठेवून मला दिसतं ते असं. चांगला संसार चालवण्याइतकी कमाई माणूस स्वतःच्या गुणांवर करतो, कॉलेजच्या नावाने त्यात फार भर पडत नाही. अगदी शिखरावरच्या खुर्च्यांना मात्र नाव लागतं. आणि सगळ्यात जास्त लागतं ते पाठीशी कुणी नसलेल्याला. ही दोन्ही तुलना कॉलेज-कॉलेजमधली आहे हे लक्षात घ्या. कॉलेज अजिबात न करणं यावर त्या काही बोलत नाहीत.

चक्रवाढ | बुधवार, दुपारी १२.४०

टाचण, फार छान मांडलंत. नावाचं महत्त्व मात्र मी आणखी कमी करेन. इंटेलचे अँडी ग्रोव्ह निर्वासित म्हणून अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात केमिकल इंजिनिअर झाले, जिथे तेव्हा फी नव्हती. पुढे बर्कलीची पीएचडी. जनरल इलेक्ट्रिकचे जॅक वेल्च मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी विद्यापीठातले. स्टारबक्स वाढवणारे हॉवर्ड शुल्ट्झ नॉर्दर्न मिशिगनचे.

आणि वॉरन बफे. १९व्या वर्षी नेब्रास्का विद्यापीठाची पदवी घेतली, हार्वर्ड बिझनेस स्कूलने प्रवेश नाकारला. मग त्यांना कळलं की ज्यांच्या पुस्तकांनी ते भारावले होते ते बेंजामिन ग्रॅहम कोलंबियात शिकवतात. म्हणून कोलंबिया. संस्था नाही निवडली, गुरू निवडला. त्यांच्या ऑफिसात पदव्या टांगलेल्या नाहीत, टांगलंय ते भाषणकलेच्या एका छोट्या कोर्सचं प्रमाणपत्र. त्यांना चारचौघांत बोलायची भीती वाटायची, ती त्या कोर्सने घालवली.

मधलीसुट्टी | बुधवार, दुपारी १.०५

अवांतर होतंय, पण विषय कुठले घेतले होते तेही मजेचं आहे. अलीबाबा काढणारे जॅक मा इंग्रजीचे पदवीधर, प्रवेशपरीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा लागले. रतन टाटा वास्तुरचनाकार. यूट्यूबच्या सुझन वोजिस्की इतिहास आणि साहित्य. एचपीच्या कार्ली फिओरिना मध्ययुगीन इतिहास आणि तत्त्वज्ञान.

आणि आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर! जे.जे. स्कूल ऑफ आर्टला चित्रकार व्हायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर चित्रकला सोडावी लागली, मग यंत्रांचं ड्रॉइंग शिकले, व्हीजेटीआयमध्ये ते शिकवूही लागले. रंग गेला, रेघ राहिली, आणि त्या रेघेतून लोखंडी नांगर आला. मुलाला, शंतनुरावांना, मात्र थेट एमआयटीला पाठवलं.

उलटतपासणी | बुधवार, दुपारी १.३०

मधलीसुट्टी, रंग गेला, रेघ राहिली! सुरेख.

एक भर घालतो, माझ्याच बाजूच्या विरोधात जाणारी. थेरानोसच्या एलिझाबेथ होम्स १९व्या वर्षी स्टॅनफर्ड सोडून निघाल्या, सगळ्यांनी जॉब्सशी तुलना केली. रक्ताच्या थेंबातून तपासण्या करणारं यंत्र चालतच नव्हतं. २०२२ साली ११ वर्षांहून जास्त शिक्षा झाली. रसायन, जीवशास्त्र खोलात शिकायच्या आत निघालं की काय शक्य नाही ते कळत नाही. पण हिशेबाच्या घोटाळ्यात बुडालेल्या एन्रॉन कंपनीचे प्रमुख स्किलिंग हार्वर्डचे एमबीए होते, हेही लिहून ठेवतो. सचोटीची पदवी कुठेच मिळत नाही.

वाटसरू | बुधवार, दुपारी २.१५

पेपालच्या संस्थापकांपैकी एक, पीटर थील, यांची फेलोशिप कुणाला आठवते का? २०१०मध्ये जाहीर केली, कॉलेज सोडून काही उभारणाऱ्या तरुणांना १ लाख डॉलर. फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर काढणारा डिलन फील्ड त्यातलाच. थील स्वतः स्टॅनफर्डचे तत्त्वज्ञानाचे आणि कायद्याचे पदवीधर.

फळा_खडू | बुधवार, रात्री ८.३०

सावलीताईंनी 'आतली विद्या' म्हटलं, चक्रवाढ यांनी 'गुरू' म्हटलं. मला त्यात तिसरी गोष्ट घालायची आहे: कॉलेजात प्रश्न सापडतो.

स्टॅनफर्डचे प्रा. फ्रेडरिक टर्मन यांनी ह्यूलेट आणि पॅकार्ड या आपल्या दोन विद्यार्थ्यांना कंपनी काढायला उभं केलं. १९३९ सालची एचपी. पहिलं उत्पादन होतं ऑडिओ ऑसिलेटर, ह्यूलेट यांच्या अभ्यासातून निघालेलं. फिल नाइट ओरेगॉनला पत्रकारिता शिकत होते आणि धावत होते. तिथले प्रशिक्षक बिल बॉवरमन स्वतः बूट उसवून, शिवून बघायचे. पुढे स्टॅनफर्डच्या एमबीएत नाइट यांनी वर्गासाठी निबंध लिहिला: जपानी धावण्याचे बूट जर्मन बुटांना मागे टाकू शकतील का. १९६४ साली ते आणि बॉवरमन भागीदार झाले, त्यातून नाइकी. एक माणूस आणि एक निबंध, दोन्ही कॉलेजातले. पेज आणि ब्रिन यांचं गुगल म्हणजे तर पीएचडीचा प्रकल्प. पेटंट स्टॅनफर्डच्या नावावर होतं, आणि विद्यापीठाने २००५मध्ये आपले शेअर विकून ३३.६ कोटी डॉलर मिळवले.

पानगळताई, माझं सांगणं असं. सोडणं आणि राहणं याच्या मध्ये रजा असते. विभागप्रमुखांना लेखी विचारायला सांगा: एक वर्ष थांबून परत येता येईल का, आणि याच सॉफ्टवेअरला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट धरतील का. दुसरं, तिघांत कुणाचा किती वाटा हे आजच कागदावर लिहून सह्या करा. मी तीन जिवलग मित्रांची वाताहत यावरून झालेली पाहिली आहे, मला ती परत बघायची नाही.

पानगळ | शनिवार, रात्री ९.४५

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. गुरुवारी रात्री हा अख्खा धागा त्याला वाचायला दिला. आधी नाक मुरडलं, पण लेथवाले काकांचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला. मग काकांचा प्रश्न मी विचारला: तुझं काम कशाने अडलंय?

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, एकाच वेळी दोन ठिकाणांहून कुणी तीच वेळ घेतली तर दोघांनाही ती मिळते. सोमवारी एका दवाखान्यात सव्वादहाला दोन पेशंट समोरासमोर उभे राहिले, दोघांच्या फोनवर 'नक्की' असा मेसेज. रिसेप्शनवरच्या ताईंना दोघांची बोलणी खावी लागली. तीन आठवडे तो आणि मित्र त्यावर आहेत, एकदा सुटतं, परत होतं. आणि मग हळूच म्हणाला, डेटाबेसच्या तासाला सध्या ट्रान्झॅक्शनच, म्हणजे एकाच वेळी येणाऱ्या नोंदी कशा सांभाळायच्या तेच, चालू आहेत, मी गेलो नाहीये.

शुक्रवारी गेला. पहिल्या बाकावर नाही, पण गेला. तासानंतर सरांना थांबवून पाऊण तास बोलत बसला, म्हणून घरी उशिरा आला. रजेचा अर्जही लिहून ठेवलाय, पण अजून दिलेला नाही. परीक्षेनंतर ठरवू म्हणतो. वाटणीचा कागद तिघांनी केला.

भिंतीवरचा कागद आहे तिथेच आहे. त्याने 'सोडलं'च्या पुढे आणखी एक रकाना आखलाय, 'त्याआधी काय येत होतं'. गेट्सपुढे भरलंय, एलिसनपुढे शोधतोय.

लेथवाला | शनिवार, रात्री १०.०५

ताई, डोळे भरून आले. पोराला माझा नमस्कार सांगा. आणि त्या रिसेप्शनवरच्या ताईंना त्याने स्वतः जाऊन भेटावं.

टाचण | शनिवार, रात्री १०.२०

त्याला एवढं सांगा: वेळ रिकामी आहे का ते आधी बघून मग नोंद करायची, या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत दुसरा माणूस घुसतो. डॉक्टर, तारीख आणि वेळ या तिन्हींवर मिळून डेटाबेसमध्येच युनिक कन्स्ट्रेंट लाव. दुसरी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारेल, मग त्या पेशंटला लगेच पुढची वेळ दाखव. हे लावल्यावरही दोन नोंदी झाल्या तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा, आपण दोघं मिळून बघू.